चेमिरोचा, विमोवे, टॉम हार्क : आफ्रिकेतलं सुरुवातीचं रॉक अँड रोल

तबकडीवेडा (धागाकर्ता)

मागे जुन्या इंग्रजी गाण्यांच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं, "आफ्रिकेत रॉक अँड रोल पोचलं ते बीटल्सनंतर, आणि तेही नक्कल म्हणून." तिथेच भांडलो असतो तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

१९५० साली ह्यू ट्रेसी नावाचा गृहस्थ ध्वनिमुद्रणाचं यंत्र गाडीत टाकून केनियात फिरत होता. कापकाटेट गावी किप्सिगिस जमातीच्या मुलींनी त्याला एक गाणं म्हणून दाखवलं. साथीला एक तंतुवाद्य, आपल्या तुणतुण्यापेक्षा तारा जास्त, पण ठसका तसाच. गाण्यात एक शब्द सारखा येतो : चेमिरोचा. हा चेमिरोचा कोण, तर अर्धा माणूस, अर्धं हरीण, मोठा गवई आणि नाच्या. आणि हा प्राणी आला कुठून? मिसिसिपीतून.

जिमी रॉजर्स तिथला. रेल्वेत ब्रेकमन होता, गिटार घेऊन गायचा, आणि मधेच गळा उलटवून योडेल घ्यायचा. १९३३ साली क्षयाने गेला. म्हणजे या मुली गात होत्या तेव्हा त्याला जाऊन १७ वर्षं झाली होती, पण त्याच्या तबकड्या गोऱ्यांच्या ग्रामोफोनबरोबर चहाच्या मळ्यांच्या त्या मुलखात कधीच पोचल्या होत्या. जिमी रॉजर्सचं झालं चेमिरोचा. याच रॉजर्सला पुढे १९८६ साली अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत पूर्वसुरी म्हणून मान मिळाला. थोडक्यात, एल्विसने तोंड उघडण्याआधीच रॉक अँड रोलचा एक आजोबा केनियात दंतकथा होऊन बसला होता.

दक्षिणेकडेही तेच. आजच्या झिंबाब्वेतल्या बुलावायोचा जॉर्ज सिबांडा १९४० च्या दशकाच्या शेवटी एकटा गिटार घेऊन गायचा, तेही ट्रेसीनेच टिपलं. त्याचं 'ग्वाबी ग्वाबी' पुढे रॅम्ब्लिन जॅक एलियटने अमेरिकेत गायलं. १९५२ साली काँगोच्या कटांगा प्रांतातल्या जादोव्हिल गावात ट्रेसीला म्वेंडा जाँ बोस्को भेटला. अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटं, आणि ऐकताना वाटतं दोन माणसं वाजवतायत. त्याचं 'मासांगा' ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी हा धागा इथेच सोडून आधी ते ऐकावं.

पण ज्याला रॉक अँड रोलचा सख्खा चुलतभाऊ म्हणता येईल असा प्रकार जोहान्सबर्गचा, क्वेला. 'टॉम हार्क' ही १९५६ ची तबकडी घ्या. लावली की आधी संगीत येतच नाही. फाशांवर पैसे लावणाऱ्या पोरांची बडबड ऐकू येते. कुणीतरी ओरडतो, क्वेला-क्वेला आली! म्हणजे पोलिसांची गाडी. झुलूत 'क्वेला' म्हणजे 'चढ'. पकडलेल्याला गाडीत कोंबताना पोलीस हेच म्हणायचे. लगेच जुगार गुंडाळला जातो आणि पोरं साळसूदपणे पत्र्याच्या बासऱ्या काढून वाजवायला लागतात. अडीच-तीन मिनिटांची तबकडी, त्यात एवढं नाटक! १९५८ साली ही तबकडी इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. नावाचा मूळ शब्द म्हणे 'टॉमाहॉक', म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कुऱ्हाड. लेबलवर येईपर्यंत त्याचा टॉम हार्क झाला.

१९५६ म्हणजे एल्विसच्या 'हार्टब्रेक होटेल'चं साल. त्यामुळे "बीटल्सनंतर" हे तर सोडूनच द्या. आणि नकलेबद्दल माझं म्हणणं एवढंच : साज अमेरिकेतून आला, चाल घरचीच राहिली. कुणाला पटत नसेल तर बोला.

कॉफीहाऊस

मस्त धागा! वाचनखूण साठवली. पण मी उलट बाजूने म्हणतो. रॉक अँड रोल मुळात आफ्रिकेतूनच गेलं ना? गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर ताल गेला, त्याचा ब्लूज झाला, ब्लूजचं रॉक झालं. म्हणजे जोहान्सबर्गला जे आलं तो माल घरीच परत आला. मग अमेरिकेचा प्रभाव कसला मोजायचा?

तबकडीवेडा

@कॉफीहाऊस, हे वाक्य ऐकायला छान वाटतं म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. गुलामांना नेलं ते मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. जोहान्सबर्ग तिथून हजारो किलोमीटर लांब. आसाममधली वस्तू सिंधुदुर्गात सापडली तर तिला "घरी परत आली" म्हणाल का?

दुसरं, जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीतल्या पोरांना कुठलाही वारसा परत मिळवायचा नव्हता. त्यांना शहरी दिसायचं होतं. तिथल्या एका टोळीचं नावच 'द अमेरिकन्स' होतं. कपडे अमेरिकन, बोलण्यात सिनेमातले संवाद. मॅनहॅटन ब्रदर्स या गायकमंडळींचं नावच बघा. चौघेही पक्के जोहान्सबर्गचे, आदर्श अमेरिकेतले मिल्स ब्रदर्स आणि इंक स्पॉट्स. सरकार सांगत होतं, तुम्ही आदिवासी, आपापल्या मुलखात परत जा. त्याला यांचं उत्तर होतं चुण्यांची पँट आणि तिरकी टोपी. १९५५ पासून सोफियाटाउन रिकामं करायला सुरुवात झाली, घरं पाडली, आणि वर गोऱ्यांची वस्ती वसवून तिला नाव दिलं ट्रायोम्फ, म्हणजे विजय! संताप येतो.

त्याच मॅनहॅटन ब्रदर्सबरोबर मिरियम मकेबा गायची. त्यांचं 'लव्हली लाइज' १९५६ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चढलं. मूळ गाणं खोसा भाषेतलं, 'लाकुत्शोना इलांगा' : सूर्य मावळला, तू कुठे आहेस, मी तुला घरोघर शोधतेय, इस्पितळात, तुरुंगात. इंग्रजी शब्द लिहिताना तुरुंग गेला आणि खोटारड्या प्रियकराचं गाणं झालं.

मंद्रसप्तक

गायन आपला प्रांत नाही, पेटी थोडीफार वाजवतो. काल रात्री 'टॉम हार्क' लावून बसलो. "चाल घरचीच राहिली" म्हणजे काय, ते बोटांनी पाहावं म्हटलं.

सा-ग-प एकत्र दाबायचे, मग म-ध-सा, पुन्हा सा-ग-प पण पंचम तळाला, मग प-नि-रे. संपलं. परत सा-ग-प. शेवटपर्यंत हेच. अशा प्रत्येक घराला चार मात्रा धरल्या की सोळा मात्रांचं आवर्तन होतं. म्हणजे माझ्या कानाला सरळ तीनतालाएवढा घास. आता बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' घ्या. तिथे बारा घरं, म्हणजे ४८ मात्रा. त्यात गोष्ट सांगितल्यासारखी चढण आहे, वळण आहे, आणि शेवटी पायरी उतरून घरी येणं आहे. क्वेलाला चढण नाही, उतरण नाही, चाक आहे. मंडळी फिरत्या चाकावर बसून बासरीने खोड्या काढतात.

म्हणून दोन्हींत गिटार तीच, पायाला ठेका तोच, तरी क्वेला ऐकून कुणी "हे रॉक आहे" असं एकदम म्हणत नाही. @तबकडीवेडा, बारा घरांचा सांगाडा यांनी जवळजवळ घेतलाच नाही, हा तुमच्या बाजूचा सर्वांत पक्का पुरावा. तो तुम्ही लिहिलाच नाहीत.

तबकडीवेडा

@मंद्रसप्तक, कारण मला पेटी येत नाही हो. हे चार घरांचं चाक क्वेलाच्याही आधीचं, मराबीचं. शहराच्या गल्ल्यांत बेकायदा दारूचे अड्डे असायचे, तिथे रात्रभर पियानो किंवा पायपेटीवर तेच चाक फिरत राहायचं. गिऱ्हाईक उठून जाऊ नये एवढाच हेतू. अशा ठिकाणी गाण्याला शेवट असणं धंद्याला परवडत नाही.

दारूवरून आठवलं. 'स्कोकियान' हे एका हातभट्टीचं नाव. त्या नावाची धून बुलावायोच्या ऑगस्ट मुसारुर्वाने बांधली. बँड कोणाचा, तर तिथल्या सरकारी कोल्ड स्टोरेज कमिशनचा! १९५४ साली ती अमेरिकेत अशी पसरली की राल्फ मार्टेरी, फोर लॅड्स, लुई आर्मस्ट्राँग, सगळ्यांनी वाजवली-गायली. पुढे खुद्द बिल हेलीनेही. म्हणजे रॉक अँड रोलचा पहिला मोठा नायक आफ्रिकेची चाल वाजवतोय, आणि तिकडची पोरं त्याची स्टाइल मारतायत. आणि हाच आर्मस्ट्राँग १९३० साली जिमी रॉजर्सच्या तबकडीवर ट्रंपेट वाजवून गेला होता. एवढंसं जग.

दादरचा_दिन्या

अहो, पण पैसे कोणाला मिळाले ते लिहा की. प्रभाव-बिभाव ठीक आहे.

सॉलोमन लिंडा. १९३९ साली जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत 'म्बुबे' (म्हणजे सिंह) गायला. माणूस त्याच कंपनीत तबकड्या बांधायचं काम करायचा. हक्क गेले दहा शिलिंगांना. तबकडी अमेरिकेत लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सच्या हाती पडली, त्याने गायक पीट सीगरला दिली. सीगर कानाने उतरवून घेत होता. 'उयिम्बुबे' त्याला ऐकू आलं 'विमोवे'. पुढे १९६१ साली त्यावर इंग्रजी शब्द चढले, टोकन्स नावाच्या पोरांनी ते गायलं आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. त्यातली जी चाल जगाला पाठ आहे, ती लिंडाने मूळ तबकडीत शेवटी शेवटी, सुचली तशी गायली होती. लिंडा १९६२ साली गेला, कफल्लक. पोरींना न्याय मिळाला २००६ साली, कोर्टात तडजोड होऊन.

आता धागाकर्त्यांच्या पहिल्या गोष्टीशेजारी ही ठेवा. दोन्हीकडे ऐकण्यातली चूक. किप्सिगिस मुलींनी जिमी रॉजर्सचं चेमिरोचा केलं, त्यातून हरणाचे पाय असलेला एक प्राणी तयार झाला. अमेरिकनांनी उयिम्बुबेचं विमोवे केलं, त्यातून रॉयल्टी तयार झाली.

कॉफीहाऊस

@दादरचा_दिन्या, शेवटच्या दोन वाक्यांना सलाम. माझं "घरी परत" मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं.

पाचगणीकर

अवांतर होईल, पण राहवत नाही. आफ्रिकेत जन्मलेला जगातला सगळ्यांत मोठा रॉकवाला आमच्या गावात शिकला! फ्रेडी मर्क्युरी, जन्म झांझिबार, शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. तिथे पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, हा पियानोवर. साल १९५८-५९. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड वगैरे वाजवायचे. म्हणजे टॉम हार्क इंग्लंडात वाजत होतं तेव्हा सातारा जिल्ह्यात रॉक अँड रोल चालू होतं.

दादरचा_दिन्या

@पाचगणीकर, वाटच बघत होतो, कधी येताय. ध्वनिमुद्रण आहे का? नाही ना? मग बसा खाली. :)

नैरोबीची_सून

मी वाचनमात्र असते, पण आज लिहिते. सासरच्यांच्या दोन पिढ्या नैरोबीत गेल्या.

पूर्व आफ्रिकेत तबकड्यांचा धंदा बराचसा आपल्या लोकांच्या हातात होता, हे इथे कुणी लिहिलं नाही. मोंबासात असानंद अँड सन्स, नैरोबीत शंकर दास अँड सन्स. आधी तबकड्या विकायच्या, मग लोकांना काय हवं ते कळलं की स्वतःच ध्वनिमुद्रण करायचं. पुढे केरिचोत चंदारानांनीही तेच केलं. आणि केरिचो म्हणजे किप्सिगिस लोकांचाच मुलूख, तुमच्या चेमिरोचाचा! आणखी मागे गेलात तर झांझिबारच्या सिती बिंती सादला १९२८ साली ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणासाठी चक्क मुंबईला नेलं होतं. स्वाहिली गाण्याच्या पहिल्या गाजलेल्या तबकड्या त्या. रॉकशी त्याचा संबंध नाही, पण पुढची बाजारपेठ तिथून उघडली.

केनियाचा फुंडी कोंडे दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या करमणूक पथकातून सिलोन, भारत, ब्रह्मदेश फिरला. परत येऊन इलेक्ट्रिक गिटार हातात घेणाऱ्या तिथल्या पहिल्या लोकांतला तो. त्याचं ऐका, मखमली.

आणि १९६० नंतर ट्विस्ट. चबी चेकर अमेरिकेत कंबर हलवतोय तोवर नैरोबीत इक्वेटर कंपनीने 'आफ्रिकन ट्विस्ट' काढला. दाऊदी कबाका हे त्यातलं मोठं नाव. त्याचं 'हेलुले हेलुले' १९६८ साली इंग्लंडच्या ट्रेमेलोजनी उचललं. गंमत म्हणजे नाव ट्विस्ट, पण खाली गिटार चालते ती दक्षिणेकडची, क्वेलाच्या घराण्यातली. ती नैरोबीत आली कारण इक्वेटरमधले नाशिल पिचेन, पीटर त्सोत्सी हे वादक उत्तर ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झांबियातून आलेले. @मंद्रसप्तक, जमलं तर पेटीवर बघाल का? माझ्या कानाला तेच चार घरांचं चाक वाटतं.

मंद्रसप्तक

@नैरोबीची_सून, बघितलं. चाक तेच, फक्त आस बदललाय. क्वेला झुलतं : दा-दि, दा-दि, पहिला लांब, दुसरा आखूड, झोपाळ्यासारखं. तुमच्या ट्विस्टमध्ये दोन्ही सारखे होतायत. अमेरिकेत हेच चालू होतं. चक बेरीच्या सुरुवातीच्या तबकड्यांत तो गिटारवर सरळ वाजवतो आणि मागे ढोलवाला अजून झुलतोय, त्या ओढाताणीतच मजा आहे. जोहान्सबर्गला हा बदल बासरी मागे पडून सॅक्सोफोन आणि विजेच्या गिटारी पुढे आल्या तेव्हाचा. त्यातून निघाली ती म्बाकांगा. नैरोबीचं ऐकून मला वाटलं, नाव चबी चेकरचं असलं तरी ट्विस्ट गेला असावा जोहान्सबर्गच्या वाटेने.

रुंबावाला

काँगोचं कुणीच लिहीना म्हणून मी. तिथे अमेरिका म्हणजे क्युबा. १९३० च्या दशकापासून एचएमव्हीच्या जीव्ही मालिकेतून क्युबन तबकड्या यायला लागल्या आणि लिओपोल्डव्हिल (आजचं किन्शासा) त्यात बुडालं. रॉक अँड रोलची हवा आली तेव्हा १९५७ साली एसेंगो कंपनीसाठी एक बँड उभा राहिला, नाव रॉक-आ-माम्बो. नाव वाचून मी फार आशेने लावलं होतं. रॉक औषधालाही नाही! अस्सल रुंबा आणि चाचाचा. रॉक हा शब्द पाटीवर लावायचा, कारण तो नवा आणि शहरी. आपल्याकडे नाही का, 'न्यू बॉम्बे हेअर ड्रेसर्स', गाव पंढरपूर.

तरुणांचं वेड मात्र अमेरिकन होतं, सिनेमातलं. बफेलो बिलवरून स्वतःला 'बिल' म्हणवणाऱ्या टोळ्या होत्या, काउबॉयसारखे कपडे, आणि त्यांच्या सांकेतिक बोलीला नाव हिंदूबिल. हिंदू! त्या काळी हिंदी सिनेमेही तिथे लागायचे, नाव त्यातून आलं असं सांगतात. धर्मेंद्र आणि बफेलो बिल एका शब्दात, असं म्हणायचा मोह होतोय, पण धर्मेंद्र तेव्हा पडद्यावर यायचा होता.

शॉर्टवेव्ह

पोरांपर्यंत हे पोचायचं कसं, तेही सांगतो, कारण आपलीच गोष्ट वाटेल. १९५२ साली आकाशवाणीने सिनेमाची गाणी बंद केली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनला चिकटला, हे सगळ्यांना माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी रेडिओचंही रॉकशी असंच वाकडं. तिथलं सिलोन म्हणजे शेजारच्या मोझांबिकमधलं एलएम रेडिओ, म्हणजे लॉरेन्सो मार्किस शहराचं. पोर्तुगीजांच्या हद्दीतून इंग्रजीत कार्यक्रम, आणि रात्री लघुलहरींवर कान लावून बसलेली पोरं. १९७५ साली बंद पडलं.

यातून गोऱ्या पोरांचं वेगळंच रॉक उभं राहिलं. मिकी मोस्ट हा इंग्रज १९५९ च्या सुमारास तिकडे गेला आणि बडी हॉली, जीन व्हिन्सेंट यांचीच गाणी गाऊन ओळीने ११ वेळा पहिल्या क्रमांकावर पोचला. परत येऊन ॲनिमल्स या बँडचा निर्माता झाला. @तबकडीवेडा, नक्कल म्हणायची तर ही. तुमच्या त्या जुन्या धाग्यावरच्या माणसाने बहुतेक हीच ऐकली असावी.

तबकडीवेडा

@शॉर्टवेव्ह, पटलं. ही बाजू मी मुद्दाम टाळली होती, कारण ऐकवत नाही. पण एकाच शहरात, एकाच साली, एकीकडे हुबेहूब नक्कल पहिल्या क्रमांकावर आणि दुसरीकडे बासरीवाल्यांना मुद्रणाचे उक्ते पैसे देऊन वाटेला लावणं, हे शेजारी ठेवून बघायलाच हवं. 'टॉम हार्क'वाले लेरोले बंधू आणि मंडळी कधी एलायस अँड हिज झिग-झॅग जाइव्ह फ्लूट्स, कधी अलेक्झांड्रा ब्लॅक माम्बाझो. माणसं तीच, लेबलवर नाव दुसरं. स्पोक्स माशियाने हा बासरीवाला १९५८ साली दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा त्याला रॉयल्टी मिळाली. काळ्या वादकांत तो पहिला म्हणतात.

आणि "साज अमेरिकेतून आला" या माझ्याच वाक्याला एक छेद. गॅलो कंपनी स्वस्त गिटारीही बनवायची, गॅलोटोन. दर्बानच्या कारखान्यातल्या. आत कागद चिकटवलेला : ही गिटार तडकणार नाही, हमी. त्यातली 'चँपियन' जातीची एक १९५७ साली लिव्हरपूलच्या एका पोराकडे होती. जॉन लेनन, पुढचा बीटल. ६ जुलैला चर्चच्या जत्रेत तो तीच घेऊन गात होता, आणि तिथेच त्याला पॉल मॅकार्टनी भेटला. तेव्हा आफ्रिकेत रॉक बीटल्सनंतर पोचलं म्हणणाऱ्या त्या मित्राला कुणीतरी हा परिच्छेद नेऊन चिकटवा.

नैरोबीची_सून

त्या मुलींची गाणी त्यांच्या गावी परत गेली का हो कधी?

तबकडीवेडा

गेली. ट्रेसीचा संग्रह सांभाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थेने केनियातल्या लोकांना हाताशी धरून २०१५ च्या सुमारास ती कापकाटेटला नेली. १९५० साली गायलेले एक म्हातारेबुवा तेव्हा हयात होते. त्यांना त्यांचाच तरुण आवाज ऐकवला.

मंद्रसप्तक

आज पुन्हा 'टॉम हार्क' पेटीवर घेऊन बसलो होतो. मुलगी आतून ओरडली, "बाबा, हे तर फुटबॉलचं गाणं!" तिकडे इंग्लंडात गोल झाला की मैदानावर हेच वाजतं, ती दर शनिवारी टीव्हीवर ऐकते. पोलिसांच्या गाडीची गोष्ट सांगितली. म्हणाली, "मग सुरुवातीची बडबड कुठे गेली?"